लिलावात दिलेलं गिफ्ट व्हाउचर वटतं कसं?

दिवाळी आटोपली की नागपुरात संमेलनांचा हंगाम लागतो. माजी विद्यार्थी संघ, रोटरी-लायन्ससारखे क्लब, महिला मंडळं, वृद्धाश्रमासाठी निधी उभा करणारे ट्रस्ट असे सगळे हॉल शोधत फिरतात. त्यातल्या बऱ्याच जणांनी आता पावतीपुस्तक बाजूला ठेवून लिलावाची वाट धरली आहे. लिलावाला वस्तू लागते, म्हणून ते जवळच्या दुकानदाराकडे गिफ्ट व्हाउचर मागतात. द्यावं की नाही, किती द्यावं, त्यावर काय छापावं, हे विचारणारी पत्रं बरीच आली. निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : मुलीच्या शाळेच्या माजी विद्यार्थी संघाने लिलावासाठी २,००० रुपयांचं व्हाउचर मागितलं आहे. माझं बुटीक लहान आहे, दोन कारागीर आहेत. "तुमची फुकटात जाहिरात होईल," असं ते म्हणतात. द्यावं का? — बुटीकचालक, प्रतापनगर

फुकटात होत नाही. ते तुम्हाला कितीला पडतं, हे आधी कागदावर काढा. व्हाउचरवरची रक्कम या हिशेबात धरायची नाही, खिशातून जाणारे पैसे धरायचे. अस्तराचा ब्लाउज तुम्ही ९०० रुपयांना शिवता असं समजू. कारागिराची मजुरी नगावर ३५०, अस्तर १००, हूक-दोरा-कॅनव्हास ३०, म्हणजे ४८० रुपये रोख गेले. सोबत फॉल-पिको दिलं तर आणखी ४०, एकूण ५२०. तुमचा कारागीर नगावर मजुरी घेतो, त्यामुळे फुकट ब्लाउजचीही मजुरी त्याला द्यावीच लागते. पगारी मुलगी ठेवणाऱ्या पार्लरला मंगळवारच्या रिकाम्या दुपारी फेशियल जवळपास सामानाच्या किमतीत पडतं. ती सोय तुम्हाला नाही, म्हणून त्यांचं पाहून आकडा ठरवू नका.

दुसरं, "२,००० रुपयांची शिलाई" असं लिहून देऊ नका. रक्कम लिहिली की गिऱ्हाईक तेवढ्यातच बसवायला बघतं. "अस्तराचा एक ब्लाउज, साधा गळा, एका साडीच्या फॉल-पिकोसह" असं लिहा. लग्नसराईत एकच ब्लाउज घेऊन शिंप्याकडे कोणी येत नाही, पिशवीत तीन-चार कापडं असतात. एक व्हाउचरवर जातं, बाकीच्यांचे पैसे मिळतात. बुटीकला व्हाउचर परवडतं ते या पिशवीमुळे. "२,००० च्या शिलाईवर ५०० सूट" असलं तर मुळीच देऊ नका. दुकानात जाऊन आणखी पैसे खर्च करायच्या हक्कावर कोणी बोली लावत नाही, आणि लावलीच तर नंतर फसल्यासारखं वाटतं.

आता मुख्य गोष्ट : हॉलमध्ये बसणारी माणसं कुठली आहेत? ब्लाउजसाठी माप द्यायला, ट्रायलला आणि न्यायला अशा तीन खेपा पडतात. वर्धमाननगरची बाई एकदा हौसेने प्रतापनगरला येईल, पुन्हा येणार नाही. शाळा तुमच्याच भागातली असेल आणि पालकही तिथलेच असतील, तर द्या. माजी विद्यार्थी पुणे-बंगळुरूहून दोन दिवसांसाठी येणार असतील, तर व्हाउचर त्यांच्या बॅगेतून परत जाईल आणि तिथेच संपेल. मागणाऱ्यांना सरळ विचारा : किती लोक येतील, त्यात नागपुरात राहणारे किती, मागच्या वर्षी लिलावात किती वस्तू होत्या आणि किती विकल्या गेल्या. मागच्या वर्षीचा आकडा सांगताना चाचरले तर एकच व्हाउचर द्या.

हिशेब असा मांडता येतो. सहा व्हाउचर दिली, चार वटली, त्यातल्या दोघी नंतर पैसे देऊन पुन्हा आल्या असं धरा. चार गुणिले ५२० म्हणजे २,०८०, छपाईचे २२०, एकूण २,३००. म्हणजे एक कायमचं गिऱ्हाईक १,१५० ला पडलं. ते वर्षाला सहा ब्लाउज शिवत असेल आणि ब्लाउजमागे तुम्हाला ४२० सुटत असतील, तर वर्षात २,५२० येतात. सौदा बरा आहे. तुमचे आकडे घालून बघा. गिऱ्हाईक वर्षाला दोनच ब्लाउज शिवणारं असेल तर हेच गणित तोट्यात जातं.

आणि महालक्ष्म्यांच्या आधीचे पंधरा दिवस व दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस व्हाउचर चालणार नाही, हे त्यावर लिहाच. नाहीतर पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला "वेळ नाही" म्हणून परत पाठवाल आणि फुकटचं शिवत बसाल.

प्रश्न : मी घरून केक करते. मागच्या वेळी वहीच्या कागदावर लिहून सही करून व्हाउचर दिलं. एकच दिलेलं, पण दोघी जणी घेऊन आल्या! व्हाउचर नेमकं कसं असावं? — मानेवाडा

रंगीत झेरॉक्सचा हा प्रकार नेहमीचा आहे, आणि प्रत आणणारीला बहुतेकदा ती प्रत आहे हेही माहीत नसतं. बंदोबस्त सोपा आहे.

ए-फोर आकाराच्या ३०० जीएसएम आर्ट कार्डाचे तीन आडवे तुकडे होतात, प्रत्येकी २१० बाय ९९ मिलिमीटर. हा तुकडा बाजारात मिळणाऱ्या लांब पाकिटात न दुमडता बसतो. कार्ड चकचकीत नको, मॅट घ्या; चकचकीत कार्डावर बॉलपेनची शाई पुसली जाते. लॅमिनेशन करू नका. केल्यास वटल्यावर शिक्का मारता येत नाही आणि तेच व्हाउचर पुन्हा फिरतं. डावीकडे साधारण ५ सेंटिमीटरची स्थळप्रत ठेवून मध्ये छिद्रांची ओळ मारून घ्या. स्थळप्रतीवर आणि व्हाउचरवर एकच क्रमांक, तोही छापखान्याच्या नंबरिंग मशीनने मारलेला. सही निळ्या शाईची, स्वतःच्या हातची, आणि तिचा काही भाग छिद्रांच्या ओळीवरून स्थळप्रतीवर जाईल अशी. व्हाउचर परत आलं की दोन तुकडे जुळवून बघायचे. सही जुळली नाही तर ते व्हाउचर तुमचं नाही.

मजकूर थोडा ठेवा, पण या गोष्टी सोडू नका : काय मिळेल, कोणत्या तारखेपर्यंत, किती आधी सांगायचं, कुठे फोन करायचा, कोणत्या कार्यक्रमासाठी दिलं, आणि "रोख रक्कम मिळणार नाही". केकच्या बाबतीत "एक किलोचा केक" एवढंच लिहिलंत तर लोक फोटोवाला तीनमजली केक मागतात. "एक किलो, क्रीमचा, चॉकलेट / पायनॅपल / बटरस्कॉच यांपैकी एक, फाँडंट, फोटो प्रिंट आणि वजन वाढल्यास वरचे पैसे वेगळे, ४८ तास आधी सांगणे, घरून न्यावा लागेल" असं स्पष्ट असू द्या. "वजन वाढल्यास वरचे पैसे" ही ओळ तुमच्या फायद्याची आहे, कारण वाढदिवसाला माणसं मोजली की एक किलो बऱ्याचदा कमी पडतो. घरगुती असलात तरी एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक व्हाउचरवर छापा. नोंदणी नसेल तर आधी ती करा, नंतर व्हाउचर.

मुदतीत एक खोच आहे. संस्था व्हाउचर दीड-दोन महिने आधी गोळा करते. तुम्ही दिलेल्या तारखेपासून तीन महिने धरलेत तर विकत घेणाऱ्याच्या हातात महिनाच उरतो, आणि वाढदिवस काही त्या महिन्यात येईलच असं नाही. केकला तर कार्यक्रमाच्या तारखेपासून पूर्ण एक वर्ष द्या. घरात कोणाचा ना कोणाचा वाढदिवस त्यात येतोच.

प्रश्न : कूलर-एसी दुरुस्तीचं काम आहे. जानेवारीतल्या एका कार्यक्रमात "कूलर सर्व्हिसिंग मोफत" अशी दहा व्हाउचर दिली. लोकं मे महिन्यातच घेऊन येऊन राहिले. तेव्हा आम्हाला जेवायला फुरसत नसते. — हिंगणा रोड

मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की कूलर आठवतो, त्यात लोकांची चूक नाही. तारीख घालणं तुमचं काम होतं. जानेवारीच्या कार्यक्रमाला दिलेल्या व्हाउचरवर "१ फेब्रुवारी ते होळी" एवढीच मुदत ठेवा, आणि होळीची त्या वर्षीची तारीख आकड्यात लिहा. तुमचे हात रिकामे असतात ते याच दिवसांत. शिवाय फेब्रुवारीत कूलर उघडला की जळालेला पंप, गळकी टाकी, खराब बेअरिंग सापडतं आणि गिऱ्हाइकालाही दुरुस्तीला वेळ असतो. मे महिन्यात तोच माणूस "आजच चालू करा" म्हणून भांडतो.

सर्व्हिसिंगमध्ये काय येतं ते मोजून लिहा : टाकी घासणं, पंप काढून साफ करणं, पाण्याच्या नळ्या मोकळ्या करणं, पंख्याला तेल, बॉल कॉक तपासणं. ताट्या (कूलरच्या बाजूंना लावतात त्या गवताच्या) धरल्या आहेत की नाही हे वेगळं लिहा, कारण तिन्ही बाजूंच्या ताट्या बदलायच्या म्हटल्या की सामानाचाच खर्च मजुरीच्या वर जातो. आमच्या मते मजुरी फुकट आणि ताट्यांचे पैसे घ्यावेत. "रिंग रोडच्या आत" अशी हद्दही घाला. कामठीचा एक फोन आला तर अर्धा दिवस आणि पेट्रोल दोन्ही जातं.

प्रश्न : सावजी भोजनालय आहे. थाळीचं व्हाउचर द्यावं की रकमेचं? रविवार बंद ठेवावा का? — सक्करदरा

तुम्ही रकमेचंच द्या. मटणाचा भाव वर्षात दोनदा बदलतो, आणि "दोन मटण थाळी" लिहून बसलात की वाढलेला भाव तुमच्या अंगावर येतो. ५०० किंवा ६०० रुपये पुरेत. सावजीत दोघंच जेवायला आले असं कमी घडतं, चौघं येतात आणि बिल व्हाउचरच्या वर जातं.

अख्खा रविवार बंद ठेवलात तर बोली खाली येते. रस्सा खायचा वार तोच. "रविवारी दुपारी १२ ते ४ सोडून" असं लिहा, संध्याकाळ मोकळी ठेवा. मुदतीत श्रावण येत असेल तर तेवढा महिना पुढे वाढवून द्या, त्या महिन्यात तुमची आणि त्यांची दोघांचीही चूल थंड असते. गोरक्षणासाठी किंवा एखाद्या मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी लिलाव असेल तर व्हाउचर देऊच नका, हे सांगायला नको; पण अशी व्हाउचर टेबलावर आलेली आहेत.

प्रश्न : माझं १,५०० रुपयांचं फेशियल पॅकेज लिलावात ३५० ला गेलं. सगळ्यांसमोर फार ओशाळल्यासारखं झालं. दुसऱ्या एका संस्थेने तर व्हाउचर लिलावात ठेवलंच नाही, तिकिटं विकून लकी ड्रॉमध्ये वाटून टाकलं. — पार्लरचालक, त्रिमूर्तीनगर

बोली पडण्याची कारणं बहुधा तीन असतात. व्हाउचरची किंमत त्याच्यावरच लिहिलेली असते, त्यामुळे कोणी तिच्या वर जात नाही. क्रिकेटपटूने सही केलेल्या बॅटीवर लोक हौसेने बोली लावतात, फेशियलवर हिशेबाने. दुसरं, एकाच हॉलमध्ये तीन-चार पार्लरची व्हाउचर आली की ती एकमेकींना पाडतात. तिसरं जरा कडू आहे : १,५०० चं पॅकेज तुम्ही एरवीही १,५०० ला विकता का? बायकांना दर पाठ असतात. दर्शनी पाटीवर १,५०० आणि दर महिन्याच्या ऑफरमध्ये ७९९ असेल तर बोली ७९९ च्या खालीच सुरू होणार.

म्हणून "किमान बोली" लेखी ठरवा. खऱ्या विक्रीच्या दराच्या ४० टक्के धरा. तेवढी आली नाही तर व्हाउचर परत. संस्थेला हे आवडत नाही, पण पाडून विकलेल्या व्हाउचरवर आलेली बाई पुढच्या वेळी पूर्ण दर द्यायला कुरकुरते, हे खरं नुकसान.

लकी ड्रॉचं प्रकरण अधिक गंभीर आहे. सगळ्यात जास्त बोली लावणाऱ्याला वस्तू मिळते तो लिलाव. तिकिटं विकून चिठ्ठी काढली की कायद्याच्या नजरेत ती लॉटरी होते, आणि शासनाच्या परवानगीशिवाय लॉटरी चालवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ मध्ये येतं. तिथे तुमच्या दुकानाचं नाव छापलेलं असणं बरं नव्हे. व्हाउचरसोबत एक पत्र द्या, दोन प्रतींत, एकीवर संस्थेच्या सचिवांची पोच घ्या. मजकूर एवढाच :

"सोबत क्र. ०११ ते ०१३ अशी तीन व्हाउचर दिली आहेत. ती फक्त लिलावात विकावीत. सोडत, स्पर्धेचं बक्षीस किंवा पाहुण्यांना भेट म्हणून देऊ नयेत. प्रत्येकी किमान बोली ५०० रुपये. न विकली गेलेली व्हाउचर कार्यक्रमानंतर ८ दिवसांत परत करावीत. कोणतं व्हाउचर कितीला गेलं हे कळवावं. घेणाऱ्याची संमती असल्यास नाव व मोबाइल क्रमांकही कळवावा."

पोच द्यायला टाळाटाळ झाली तर व्हाउचरही देऊ नका.

प्रश्न : ५,००० रुपयांची व्हाउचर एका नोंदणीकृत ट्रस्टला दिली. त्यांनी ५,००० ची ८०जीची (देणगीवर आयकरात वजावट मिळवून देणारी) पावती देऊ केली आहे. घ्यावी का? जीएसटीचं काय करायचं? — खेळण्यांचं दुकान, इतवारी

पावती घेऊ नका. ८०जीची वजावट पैशाच्या देणगीला आहे. वस्तू, सेवा, व्हाउचर यांना नाही. पैशाच्या देणगीतही २,००० रुपयांच्या वरची रोख चालत नाही, आणि तुम्ही नवी करप्रणाली निवडली असेल तर ही वजावट मिळतच नाही. वजावट हवी असेल तर चेकने वेगळी देणगी द्या, आणि त्याचं प्रमाणपत्र ट्रस्टकडून मागून घ्या. "पावती देतो" हे आमिष दाखवणारे ट्रस्ट बहुधा अजाणता दाखवतात, पण पावती तुमच्या नावावर असते.

इंटरनेटवर वाचून काही जण अमेरिकेतल्या नियमांचा हवाला देतात. तिथे शाळांच्या लिलावात अशी व्हाउचर सर्रास असतात. पण तिथेही दिलेल्या सेवेच्या किमतीची वजावट देणाऱ्याला मिळत नाही, आणि बोली लावणाऱ्याला बाजारभावाच्या वर जेवढे पैसे दिले तेवढ्याचीच मिळते.

व्हाउचरवर दिलेल्या मालाची खरेदी तुमच्या खात्यात खर्च म्हणून आधीच पडलेली असते. वर पुन्हा ५,००० "जाहिरात खर्च" लिहिलात तर तोच खर्च दोनदा धरला जातो. फक्त छपाई आणि पाकिटं जाहिरातीत टाका.

जीएसटीबाबत : व्हाउचर नुसतं हातात दिल्याने कर लागत नाही. व्हाउचरचा व्यवहार हा स्वतः माल किंवा सेवेचा पुरवठा नाही, असं ३१ डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकाने स्पष्ट केलं आहे. प्रश्न येतो माल देताना. भेट दिलेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) कलम १७(५)(एच) प्रमाणे मिळत नाही. दुसरीकडे, बिलातच दाखवलेली सूट करपात्र किमतीतून वजा होते. गिऱ्हाइकाने १,८०० ची खेळणी घेतली आणि १,००० चं व्हाउचर लावलं, तर ते सूट म्हणून दाखवायचं की भेट धरून क्रेडिट परत करायचं, हे तुमच्या सीएकडून एकदा ठरवून घ्या आणि वर्षभर तीच पद्धत ठेवा. प्रत्येक बिलावर व्हाउचर क्रमांक लिहा आणि व्हाउचर बिलाच्या प्रतीला टाचून ठेवा. विचारणा झाली तर तेच दाखवायचं असतं. कंपोझिशन योजनेत (उलाढालीवर ठरावीक टक्के कर) असाल किंवा नोंदणीच्या मर्यादेखाली असाल तर क्रेडिटचा प्रश्नच नाही. पार्लरवाल्यांनाही नाही : २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यांचा दर ५ टक्के झाला, पण इनपुट क्रेडिटशिवाय.

प्रश्न : आम्ही शेजारच्या तिघी, बांगड्या, मेंदी आणि साड्या, मिळून एकच व्हाउचर काढावं म्हणतो. तिन्ही ठिकाणी चालेल असं. — महाल

कल्पना चांगली, कागद चुकीचा. स्वतःच्याच दुकानात चालणाऱ्या व्हाउचरला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. एकाचं व्हाउचर दुसऱ्याच्या दुकानात पैशासारखं चालायला लागलं की प्रकरण वेगळ्या नियमांत जातं. त्यापेक्षाही रोजची अडचण अशी की कोणी किती वटवलं आणि कोणी कोणाला किती द्यायचे, यावरून शेजारणींत धुसफूस सुरू होते. तीन वेगळी व्हाउचर करा, आपापल्या सहीची, आणि एका पाकिटात घाला. लिलावात पाकीट एकत्रच विकलं जाईल. "लग्नघराचं पाकीट" म्हटलं की तीन सुट्या व्हाउचरपेक्षा बोली वरच राहते.

प्रश्न : मी सीए आहे. "रिटर्न मोफत भरून मिळेल" असं व्हाउचर देता येईल का? — धरमपेठ

नाही. व्यवसायासाठी गिऱ्हाईक मागणं तुमच्या कायद्यात गैरवर्तनात येतं. वकिलांना बार कौन्सिलचा जाहिरातबंदीचा नियम ३६ आहे, डॉक्टरांनाही जाहिरातीचं बंधन आहे. चेक द्या.

प्रश्न : आमच्या महिला मंडळाकडे चाळीसेक व्हाउचर जमली आहेत. एकेक पुकारत बसलो तर रात्र होईल. लिलाव कसा मांडावा? — खजिनदार, लक्ष्मीनगर

पुकारून विकायच्या वस्तू पाच-सहाच ठेवा, मोठ्या. बाकीच्यांचा मूक लिलाव करा. टेबलावर प्रत्येक व्हाउचरसमोर एक कागद आणि दोऱ्याने बांधलेलं पेन. कागदावर वर वस्तूचं वर्णन, दुकानाचं नाव, मुदत, अटी. खाली रकाने : बोली, नाव, मोबाइलचे शेवटचे चार आकडे. पूर्ण नंबर उघड्या टेबलावर नको. पहिली ओळ तुम्हीच भरून ठेवा, किंमतीच्या ३० ते ४० टक्के. पुढची बोली किती वाढवायची तेही छापा, ५०० ते १,००० च्या व्हाउचरला ५० रुपये ठीक. नाही छापलं तर लोक १-१ रुपया वाढवत मजा करतात.

टेबलावर खरं व्हाउचर ठेवू नका. "नमुना" असा शिक्का मारलेली झेरॉक्स ठेवा, मूळ प्रती खजिनदाराच्या पेटीत, क्रमांकाने लावलेल्या. गर्दीत पाकीट उचललं गेलं तर दुकानदाराला तोंड दाखवता येत नाही.

वेळ जेवणाआधी संपवा. जेवण झालं की अर्धा हॉल रिकामा होतो आणि जिंकलेल्यांना फोन लावत बसावं लागतं. टेबलं तीन असतील तर दहा-दहा मिनिटांच्या फरकाने बंद करा, म्हणजे पहिल्या टेबलावर हरलेले दुसऱ्याकडे वळतात. पैसे मंडळाच्या खात्याच्या क्यूआर कोडवर घ्या, कोणा सदस्याच्या स्वतःच्या नंबरवर नाही, आणि पैसे जमा झाल्याचं तुमच्या फोनवर दिसल्यावरच व्हाउचर हातात द्या. कधी नुसता स्क्रीनशॉट दाखवला जातो.

मंडळाची नोंदणी नसेल तर अशा निधीसाठी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१सीखाली परवानगी आधी घ्या. आणि डिसेंबरमध्ये सिव्हिल लाइन्समधला हॉल घेत असाल तर हिवाळी अधिवेशनाच्या तारखा बघून घ्या. मोर्चे आणि बंदोबस्तात रस्ते बंद झाले की येणारे परततात.

प्रश्न : दहा व्हाउचर दिली, तीनच वटली. बाकीची सात गेली कुठे? आणि आलेल्या तिघांपैकी एकही परत नाही. — फोटो स्टुडिओ, गोकुळपेठ

सात वाचली म्हणून खूश होणारे दुकानदार आहेत. त्यांनी सात गिऱ्हाइकं गमावली. व्हाउचर ड्रॉवरमध्ये पडून राहतं, कारण फोटो काढायला "कधीतरी जाऊ" चालतं. संस्थेकडून संमतीने नंबर मिळाले असतील तर मुदतीच्या महिनाभर आधी एक फोन करा. मेसेजपेक्षा फोन बरा. व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट यादी तुमचा नंबर ज्यांनी साठवून ठेवला आहे त्यांनाच पोचते, आणि या लोकांनी तो ठेवलेला नसतो.

आलेले का परतले नाहीत, हे काउंटरवर शोधा. व्हाउचर मालक देतो आणि वटवतो नोकर, सगळा घोळ इथेच होतो. "हे काय आहे? साहेब नाहीत, उद्या या" हे ऐकलेलं गिऱ्हाईक पुन्हा येत नाही, आणि हॉलमधल्या बाकीच्यांनाही सांगतं. व्हाउचरचा नमुना काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवा, खाली दोन ओळी : "याला पूर्ण काम द्यायचं. अडचण असेल तर मला फोन, गिऱ्हाइकाला परत पाठवायचं नाही." व्हाउचरवाल्याला कमी प्रतीचा कागद, मागच्या वेळेची बॅकड्रॉप, शिकाऊ मुलगा, असं चालू असेल तर ते लगेच ओळखू येतं.

स्टुडिओत परत येण्याचं निमित्त तुम्हाला तयार करावं लागतं. फॅमिली फोटोचं व्हाउचर असेल तर काढा आठ-दहा पोझ, व्हाउचरवर एक आठ बाय बारा प्रिंट द्या, बाकीच्या स्क्रीनवर दाखवा आणि जास्तीच्या प्रिंटचा दर लिहून ठेवा. लहान मूल असेल तर पुढच्या वाढदिवसाची तारीख विचारून वहीत लिहा.

वही म्हणजे एक साधं रजिस्टर : व्हाउचर क्रमांक, कार्यक्रम, कितीला गेलं, कधी वटलं, बिल क्रमांक, वरचे किती दिले, पुन्हा कधी आले. वर्षाच्या शेवटी कार्यक्रमावार बेरीज करा. ज्या संस्थेच्या ओळीत शेवटचा रकाना सलग कोरा असेल, तिला पुढच्या वर्षी व्हाउचरऐवजी हजार रुपयांची पावती फाडायला सांगा.

प्रश्न : मुदत संपून चार दिवस झालेलं व्हाउचर कोणी आणलं तर? — गोकुळपेठमधलाच दुसरा वाचक

द्या. महिन्याभरापर्यंत द्या, फक्त गर्दीच्या दिवशी नको म्हणा. पण "मुदतीनंतर महिनाभर चालेल" असं छापू मात्र नका, नाहीतर तीच मुदत समजली जाते.